गांजा आणि सायकोसिस, दोन्हीची ट्रीटमेंट एकाच ठिकाणी: नाशिकमधल्या एका क्लिनिकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव इथे टाकत नाहीये. गंगापूर रोड साइडला आहे, खाली ओपीडी आणि वर थोडे बेड. नाव टाकलं तर ओळखीतले लोक लगेच भाऊ कोण ते शोधून काढतील आणि मी त्याला शब्द दिलाय. त्याने हे सगळं वाचलंय, एक-दोन गोष्टी काढायला लावल्यात, बाकीचं लिही ताई म्हणाला. लिहायचं कारण एकच आहे. गांजाचं व्यसन आणि त्यासोबत सायकोसिस, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं, असा पेशंट घेऊन आम्ही नाशिकभर फिरलो आणि हे दोन्ही एकाच डॉक्टरकडे एकाच वेळी ट्रीट करायचं असतं हे आम्हाला कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नाही. या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा ते ऐकलं आणि तसंच झालं. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईल.

थोडक्यात आमची परिस्थिती. भाऊ तेविशीचा, अंबडला कंपनीत क्वालिटीला. गांजा कॉलेजपासून, आधी शनिवार-रविवार मित्रांबरोबर, मग रोज, मग सकाळी उठल्या उठल्या. घरी वास यायचा तर अगरबत्ती लावायचा. मग हळूहळू वेगळंच सुरू झालं. समोरच्या बिल्डिंगचा सीसीटीव्ही आपल्याच खिडकीकडे वळवलाय, कंपनीतल्या लोकांना माझ्या मनातलं कळतं, फोनमधून कोणीतरी ऐकतंय. फोनला चांदीचा कागद गुंडाळून ठेवायचा, तोच आपण पोळ्यांच्या डब्याला लावतो तो. रात्र रात्र जागा, बाथरूममध्ये एकटाच कोणाला तरी उत्तरं देतोय. आईच्या हातचं जेवण बंद, कारण त्यात काहीतरी टाकलंय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना पुढचं सांगायला नको.

आणि मग सल्ले. आत्या म्हणाली बाहेरचं आहे, त्र्यंबकला शांती करून घ्या. शेजारचे काका म्हणाले लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुधारतो. फॅमिली डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मग एका व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली, शहराबाहेर हायवेला आहे, तिथे म्हणाले गांजा सोडवू आम्ही, पण त्याचं ते आवाज येणं वगैरे आधी मानसिक डॉक्टरकडून बरं करून आणा. आणि एका मानसिक डॉक्टरकडे गेलो तर पाच मिनिटात उत्तर, आधी व्यसन सोडवा, पोरगा रोज फुकतोय त्याला मी काय औषध देऊ. म्हणजे दोघंही एकमेकांच्या दारात पाठवणार आणि पोरगा मध्ये घरात बसून अजून बिघडत जाणार. त्या केंद्रात मी आत जाऊन पाहिलं होतं, पोरांची डोकी सक्तीने भादरलेली, डॉक्टर कधी येतात विचारलं तर सरळ उत्तर नाही, घरच्यांनी महिनाभर भेटायचं नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात सक्तीने टक्कल करायला आणि साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे, आणि दारू किंवा ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही हा कायदा लागू आहे. हे सगळ्यांना माहीत पाहिजे. तिथे भावाला ठेवलं नाही.

आता क्लिनिकबद्दल. पहिली व्हिजिट खूप लांब चालली. सर, म्हणजे तिथले सायकॅट्रिस्ट, आधी भावाला एकट्याला घेऊन बसले, आम्हाला बाहेर. मग आम्हाला बोलावलं, तेव्हा भाऊ बाहेर. मग सगळे एकत्र. आतापर्यंत सगळ्यांनी आम्हालाच विचारलं होतं आणि भाऊ कोपऱ्यात बसलेला असायचा, इथे त्याला विचारलं की तुला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय, आणि तो म्हणाला झोप. गांजा नाही, आवाज नाही, झोप. सर म्हणाले ठीक आहे, मग झोपेपासून सुरू करू. तिथेच तो थोडा सैल झाला.

प्रश्न फार बारीक होते. गांजा कधी सुरू, दिवसाला किती जॉइंट, तंबाखू मिसळून का नुसता, कुठला माल, साधा का ते महागडं हायड्रो, म्हणजे पाण्यावर वाढवलेला स्ट्राँग गांजा. सोबत दारू? एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर? २०२३ ला शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला गेला तेव्हापासून नाशिकमध्ये हा प्रश्न कोणालाच नवीन वाटत नाही, पण आम्हाला आधी एकानेही विचारला नव्हता. मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात त्या नशेसाठी खातात त्या गोळ्या? खोकल्याचं औषध? डोक्याला कधी मार, फिट, ताप? घरात कोणाला असा आजार? इथे आई गप्प झाली आणि मग आईच्या मामांचं निघालं, ते तरुणपणी घर सोडून निघून गेले होते आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. सरांनी शांतपणे लिहून घेतलं.

आणि सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नावर गेला, आधी काय आलं? संशय आधी का गांजा आधी? मध्ये कधी गांजा बंद होता का, आणि तेव्हा आवाज, संशय होते का? आम्ही तिघांनी आठवून आठवून सांगितलं, दहावीत कसा होता, बारावीत कसा होता, गणपतीला गावी गेला तेव्हा काही दिवस माल मिळाला नव्हता तेव्हा कसा होता. सर म्हणाले माझ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे मिळत नाही.

युरीन टेस्ट तिथेच झाली, कार्डवाली. अर्थातच पॉझिटिव्ह. पप्पा म्हणाले बघा पकडला. त्यावर सरांनी नीट समजावलं की या टेस्टवरून फक्त गांजा घेतलाय एवढं कळतं. कधीतरी घेणाऱ्याच्या लघवीत तो थोडेच दिवस दिसतो आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभर किंवा जास्तही दिसू शकतो, त्यामुळे सोडल्यावर दोन आठवड्यांनी पॉझिटिव्ह आली म्हणून पोराला खोटारडा ठरवू नका. आणि टेस्टवरून व्यसन आहे का नाही, सायकोसिस त्यामुळेच आहे का, यातलं काहीच ठरत नाही. बाकी रक्ताच्या तपासण्या, शुगर, थायरॉइड, बी बारा, लिव्हर, आणि ईसीजी. एमआरआय लगेच नाही लिहिला, म्हणाले फिट किंवा मार वगैरे काही असतं तर सांगितला असता. मला हे आवडलं, उगाच बिल वाढवलं नाही.

भावाचं म्हणणं गांजाचं ॲडिक्शन होतच नाही, झाडपाला आहे, साधू लोक घेतात, महादेवाचा प्रसाद आहे. नाशिक-त्र्यंबकमध्ये वाढलेल्या पोराला हे लहानपणापासून डोळ्यासमोर दिसतं, सिंहस्थात चिलीम बघितलीच असते. सरांनी वाद नाही घातला, त्यालाच विचारत गेले. तलफ येते का? ठरवलं त्यापेक्षा जास्त ओढलं जातं का? आधी एकात व्हायचं ते आता तीन-चार लागतात का? नाही मिळालं तर चिडचिड, घाम, झोप उडणं? क्रिकेट, जिम, मित्र सुटले का? आणि त्रास होतोय हे कळूनही घेतोस का? वर्षभरात या सहापैकी तीन असले तरी त्याला डिपेंडन्स, म्हणजे व्यसन म्हणतात. भाऊ मोजत बसला आणि सहाच्या सहा निघाले. मग म्हणाले घेणाऱ्या सगळ्यांचं असं होत नाही, साधारण दहात एकाचं होतं, पण जे शाळा-कॉलेजच्या वयात सुरू करतात त्यांच्यात सहात एक. २०१९ च्या सरकारी सर्व्हेचे आकडेही त्यांनी सांगितले, देशात वर्षभरात भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, आणि त्यातले ७२ लाखांच्या आसपास असे की ज्यांना मदतीची गरज आहे. भाऊ म्हणाला मग मी एकटाच नाही. हे त्याला ऐकायची गरज होती असं मला वाटतं.

आता निदान, कारण याच मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. पप्पांना एका शब्दात उत्तर पाहिजे होतं, स्किझोफ्रेनिया आहे का नाही, हो का नाही ते सांगा. सर म्हणाले आज सांगणार नाही आणि कोणी पहिल्याच दिवशी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. मग तीन शक्यता समजावल्या. एक, नशेत असताना येणारी भीती आणि संशय, ती नशा उतरली की काही तासात जाते. दोन, गांजामुळे सुरू झालेला सायकोसिस, तो नशा उतरल्यावरही टिकतो, पण गांजा बंद आणि औषध चालू असेल तर साधारण महिन्याभरात बराचसा आणि सहा महिन्यांत पूर्ण जायला हवा. तीन, मूळ आजारच वेगळा, स्किझोफ्रेनिया (आवाज-संशयाचा लांब चालणारा आजार) किंवा बायपोलर (मूड एकदम टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार), आणि गांजाने तो लवकर बाहेर काढला किंवा भडकवला. दोन आणि तीनमधला फरक पहिल्या दिवशी चेहरा बघून कळत नाही, गांजा बंद ठेवून वाट बघावी लागते. फाइलवर एफ १२.२ आणि एफ १२.५ असे दोन कोड लिहिले, पहिला व्यसनाचा, दुसरा गांजामुळे झालेल्या सायकोसिसचा, आणि पुढे प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं.

मी विचारलं की मग बरा झाला की विषय संपला ना. तेव्हा त्यांनी गोड बोलून वेळ मारून नाही नेली. डेन्मार्कमध्ये तिथल्या सरकारी नोंदींवरून अभ्यास झालाय, २०१८ मध्ये छापून आलेला, त्यात गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी जवळपास ४७ टक्के लोकांना पुढच्या वीस वर्षांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचं निदान झालं. आकडा ऐकून आई रडायला लागली. सर म्हणाले याची दुसरी बाजू पण बघा, निम्म्याहून जास्त लोकांना नाही झालं, आणि आपल्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती म्हणजे पुन्हा गांजा न घेणं आणि फॉलोअप न सोडणं. हायड्रोबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. युरोपातल्या काही शहरांत आणि ब्राझीलमध्ये मिळून एक अभ्यास झाला होता, २०१९ चा, त्यात रोज स्ट्राँग माल घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाली. भाऊ हायड्रोला क्वालिटी माल म्हणायचा. त्या दिवसानंतर म्हणाला नाही.

ॲडमिट व्हायला तो तयार नव्हता. इथे कायद्याची बाजू पण सरांनी स्वतःहून समजावली, आम्हाला विचारावं लागलं नाही. पेशंटची स्वतःची समज त्या वेळी शाबूत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर कलम ८९ खाली नातेवाइकाच्या अर्जावर ॲडमिट करता येतं. पण एक सायकॅट्रिस्ट आणि अजून एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ अशा दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. पप्पांची सही घेतली, भावालाही वाचून दाखवलं, त्याच्या हक्काचा कागद त्याच्याच हातात दिला. तो जरा शांत झाल्यावर, समजायला लागल्यावर, त्याची स्वतःची संमती घेऊन पेपर बदलले. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे गाडीत कोंबून नेतात आणि ते पोरगं आयुष्यभर घरच्यांवर विश्वास ठेवत नाही.

पोलिसांची भीती पण होती, खरं सांगायचं तर तीच सगळ्यात जास्त होती, नोकरी जाईल, केस होईल. तर उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हा पेशंटचा हक्क आहे, २०१७ च्याच कायद्यात. आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात कलम ६४ अ आहे, थोड्या प्रमाणात नशा केल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊही शकते. आमच्यावर अशी काही वेळ आली नाही. पण या भीतीने लोक घरात लपवून ठेवतात आणि तोपर्यंत आजार वाढतो, म्हणून लिहिलं.

वॉर्डबद्दल. स्वच्छ होता, खिडक्यांना जाळी, ब्रदर लोक चांगले, आवाज चढवणारे नाहीत. घरचा एक माणूस सोबत राहू देतात, बहुतेक वेळा मीच होते. पहिल्या रात्री इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला वळून अशी आखडली की मी किंचाळलेच. ब्रदरने बघताक्षणी ओळखलं, सरांना फोन, दुसरं इंजेक्शन, थोड्या वेळात मान सरळ. हा त्या आधीच्या इंजेक्शनचा माहितीतला साइड इफेक्ट आहे, तरुण मुलांमध्ये जास्त होतो म्हणे. पण हे होऊ शकतं असं आदल्या रात्री सांगितलं असतं तर आम्ही एवढे घाबरलो नसतो. ही माझी खरी तक्रार आहे आणि मी सरांना तोंडावर सांगितली, त्यांनी मान्य केलं.

मग ओलान्झापिन ही सायकोसिसची गोळी रात्रीची, जिभेवर विरघळणारी. झोप आली, भूक आली, आणि हळूहळू आवाज लांब गेले, तो म्हणायचा आधी शेजारी बसून बोलायचे आता खालच्या मजल्यावरून बोलतात. मग बंद. गांजा सोडल्याचा त्रास वेगळा चालूच होता, पहिला आठवडा सगळ्यात वाईट, चिडचिड, घाम, जेवण नको, आणि विचित्र स्वप्नं. दोन आठवड्यांनी ते बरंच उतरलं, स्वप्नं मात्र नंतरही राहिली. गांजा सुटण्यासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं असं औषध अजून नाहीये हे पण सरांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे कोणी आयुर्वेदिक पावडर, चहात टाकायचं चूर्ण, एका इंजेक्शनमध्ये नशा बंद अशा जाहिराती करत असेल तर पैसे घालवू नका प्लीज.

एक गोष्ट मला दुसरीकडे कुठेच कळली नसती. सिगारेट, बिडी किंवा जॉइंटच्या धुरामुळे लिव्हर ओलान्झापिन लवकर संपवतं, म्हणजे ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी राहतं. ओढणं बंद केलं की त्याच डोसचं औषध रक्तात वाढतं, माणूस पेंगायला लागतो. वॉर्डमध्ये भाऊ दिवसभर झोपून असायचा, आई म्हणायची गुंगीत ठेवलाय पोराला. सरांनी हे सांगून डोस कमी केला आणि घरी जाताना भावाला बजावलं की सिगारेट सुरू केली किंवा सोडली तरी मला फोन कर, मी रागावणार नाही, पण डोस बघावा लागेल. क्लोझापिन नावाचं अजून एक औषध आहे, त्यालाही हेच लागू. घरात कोणी या गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

पुढे वजन भराभर वाढलं, पँट होईनात, आणि शिफ्टला झोप यायची. मग हळूहळू ॲरिपिप्राझोल या सायकोसिसच्याच दुसऱ्या औषधावर आणलं. त्यात सुरुवातीला पाय हलवत राहायची, एका जागी न बसवायची बेचैनी आली, ती पण डोस बदलून गेली. शुगर आणि वजन प्रत्येक फॉलोअपला बघतात, न विचारता. चांगली सवय आहे.

कौन्सेलर मॅडमबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. माझ्या मते अर्धं काम त्यांनी केलं. लेक्चर नाही, नशा वाईट वगैरे काही नाही. भावाला विचारलं गांजाने तुला काय मिळायचं? तो म्हणाला नाइट शिफ्टनंतर डोकं शांत व्हायचं आणि ग्रुपमध्ये आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. मग त्यावरच काम. पगाराचा दिवस, शनिवारची संध्याकाळ, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाणारा ग्रुप, एक ठरावीक टपरी, यातलं कुठे तलफ येते ते त्याच्याकडूनच लिहून घेतलं आणि प्रत्येकाला पर्याय त्यालाच शोधायला लावला. ड्युटीवरून येण्याचा रस्ता बदलला, पगार काही दिवस माझ्या अकाउंटला, तेही त्यानेच सुचवलं. एक मित्र कटवला, एक ठेवला.

मध्ये एकदा घसरला. महाशिवरात्रीला पंचवटीत थंडाई प्यायला, भांगवाली. त्याचं लॉजिक असं की भांग गांजा नाही, दुकानात मिळते, कायद्यात पण गांजाच्या व्याख्येत नाही. एनडीपीएसच्या व्याख्येपुरतं ते बरोबर आहे, पण पोटात जाणारं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, तेच. दोन दिवसात संशय परत सुरू, खिडक्या बंद. पण यावेळी तो स्वतः म्हणाला ताई परत होतंय, चल. क्लिनिकमध्ये एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मॅडम म्हणाल्या तू दोन दिवसात ओळखलंस, आधी तुला महिने लागले होते. औषध थोडं वाढवलं, ॲडमिट करावं लागलं नाही. तेव्हाच ऑनलाइन मिळणाऱ्या विजयाच्या (भांगेचंच आयुर्वेदिक नाव) गोळ्या, गमी, झोपेचं तेल वगैरेबद्दल पण सांगितलं की ज्याला एकदा सायकोसिस होऊन गेलाय त्याने यातलं काहीही परस्पर घेऊ नये, पॅकेटवर आयुर्वेदिक लिहिलं असलं तरी.

घरच्यांसाठी पण सेशन झालं. संशयावर वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण म्हणायचं नाही. म्हणजे कॅमेरा आपल्याकडेच बघतोय असं तो म्हणाला तर, तुला भीती वाटतेय हे कळतंय मला, मला तसं दिसत नाहीये, पण मी आहे इथे, एवढंच. गोळी भाजीत मिसळून द्यायची नाही, आधीच त्याला जेवणात काहीतरी टाकलंय असं वाटतं आणि आपण ते खरं करून दाखवणार. पप्पांना सांगितलं रोज खिसे तपासणं बंद करा. आणि लग्नाचं विचारलं तर मॅडम एवढ्या ठामपणे बोलल्या की काका परत तो विषय काढत नाहीत. आजार लपवून एका मुलीला या घरात आणायचं हे औषध नाही, अन्याय आहे. मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

आता एक स्टार का कापला. अपॉइंटमेंटची वेळ नावालाच, वेटिंग फार, आणि ज्याला संशयाचा आजार आहे त्याला गर्दीत तासन्‌तास बसवणं हा छळ आहे. यावर त्यांनी काहीतरी करायलाच हवं, वेगळी खोली द्यावी किंवा फोन करून बोलवावं. रिसेप्शनला एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, युरीन टेस्टवाला पेशंट कोण? भावाचा चेहरा बघवत नव्हता. कौन्सेलर मॅडम रजेवर गेल्या की बदली कोणी नाही. मान आखडल्याचं वर लिहिलंच आहे.

खर्च स्वस्त नाही. ओपीडीची फी नाशिकच्या बाकी स्पेशालिस्टसारखीच, पण ॲडमिशनचं बिल आम्हाला जड गेलं. इन्शुरन्सचं नीट समजून घ्या. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं हे २०१७ च्या कायद्यात आहे, पण पॉलिसीत व्यसनाच्या उपचारांचं एक्सक्लूजन, म्हणजे हे कव्हर नाही असं कलम असतं, साधारण कोड १२ म्हणून लिहिलेलं, आणि त्यावर बोट ठेवून आमचा कॅशलेस नाकारला. क्लिनिकने सगळी कागदपत्रं दिली, त्यांची चूक नाही, पण ॲडमिशनच्या आधीच इन्शुरन्सचा डेस्क यावर बोलला असता तर पैशांची तयारी केली असती.

ज्यांना खाजगी झेपणार नाही त्यांनी घरात बसू नका. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. माझ्या मैत्रिणीच्या दिराची ट्रीटमेंट तिथेच चालू आहे, गर्दी असते पण औषधं मिळतात. रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, फोन फ्री आहे. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६. आणि तो स्वतःला किंवा कोणाला इजा करेल असं वाटत असेल तर फोनवर सल्ले घेत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या.

भाऊ आता कामावर परत आहे, डे शिफ्ट मागून घेतलीय. सरांनी सांगितलेली सहा महिन्यांची मुदत उलटून गेली, आवाज नाहीत, तरी सरांनी फाइल बंद केलेली नाही, गोळी छोट्या डोसमध्ये चालू आहे आणि कधी बंद करायची ते तेच ठरवणार. त्यानेही एकदा विचारलं होतं की बरा झालोय तर गोळी कशाला, तेव्हा सरांनी त्यालाच डायरी लिहायला दिली, झोप, तलफ, संशय, रोज तीन ओळी. ती वहीच आता फॉलोअपला पुढे सरकवतो.

कोणाला जायचं असेल तर क्लिनिक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा की तुम्ही गांजा आणि सायकोसिस दोन्ही एकत्र ट्रीट करता का, एमडी डिग्रीवाले सायकॅट्रिस्ट रोज असतात का, नातेवाईक सोबत राहू शकतात का आणि कायद्याप्रमाणे रजिस्ट्रेशन आहे का. जाताना जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पट्ट्यांसकट, आणि आधी काय आलं मग काय आलं हे घरच्यांनी मिळून एका कागदावर लिहून न्या. त्याला लहानपणापासून ओळखणारं एक तरी माणूस सोबत पाहिजे. आणि आमच्या क्लिनिकला शक्यतो सोमवारी जाऊ नका, सगळ्यात जास्त गर्दी त्या दिवशी असते.